आईबाबांचं रिहॅब आणि मेडिक्लेम: या चुका टाळा

लकवा मारला, पेशंट आयसीयूतून सुखरूप बाहेर आला, नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या हॉस्पिटलचं बिल कॅशलेसमध्ये निघालं की घरचे सगळे निर्धास्त होतात. खरा ताप तिथूनच सुरू होतो. डॉक्टर सांगतात की आता महिनाभर रिहॅबला (म्हणजे फिजिओ वगैरे करून पेशंटला पुन्हा उभं करतात तिथे) ठेवा, पहिले तीन महिने फार महत्त्वाचे, आणि ते खरंच असतात. पण टीपीएचं (विमा कंपनीतर्फे क्लेम तपासणाऱ्या एजन्सीचं) म्हणणं असतं की इलाज तर झाला, आता ही नुसती देखभाल आहे, त्याचे पैसे काहून द्यायचे? सगळं भांडण एवढ्यावरच आहे आणि ते तोंडाने नाही, कागदाने जिंकावं लागतं.

पहिली चूक म्हणजे पॉलिसी न वाचता रिहॅब सेंटरला ॲडव्हान्स भरणं. जवळपास प्रत्येक पॉलिसीत एक्स्क्लुजनच्या (ज्याचे पैसे मिळत नाहीत त्या गोष्टींच्या) यादीत कोड Excl05 असतो, रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन आणि रेस्पाइट केअर. हेडिंग पाहूनच लोक हात टेकतात. पण खालचा मजकूर वाचा ना बाप्पा! त्यात लिहिलंय की जी भरती मुख्यतः सक्तीच्या आरामासाठी आहे, इलाजासाठी नाही, तिचा खर्च मिळणार नाही. आंघोळ घालणं, कपडे बदलणं, उठवणं-बसवणं यासाठीची देखभालही त्याच्यातच गेली, मग ती घरी असो की सेंटरमध्ये, नर्सने केलेली असो की आयाने. म्हणजे राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) आहे, गिळता येत नाही, बीपी वरखाली होतंय, रोज डॉक्टर बघून औषध बदलतात आणि सोबत फिजिओ, स्पीच थेरपी सुरू आहे, अशी भरती आणि नुसतं सांभाळायला ठेवलेली भरती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी भांडायला जागा आहे. दुसरीसाठी नाही, तिथे उगाच डोकं लावू नका, तो पैसा घरच्या केअरटेकरवर घाला. काही पॉलिसीत रिहॅबचं वेगळं कव्हर असतं किंवा ते साफ नाकारलेलं असतं, म्हणून ब्रोशर नाही, पूर्ण पॉलिसी वर्डिंग उघडा.

आता जागा. बेसा, मनीषनगर, वर्धा रोडकडे बंगल्यात चालणारी सेंटर आहेत, काहींची सेवा चांगलीही असते, पण पॉलिसीच्या व्याख्येत ते हॉस्पिटल बसतं का हे आधी विचारा. एक तर महाराष्ट्र नर्सिंग होम्स रजिस्ट्रेशन कायदा 1949 खाली नोंदणी पाहिजे (आपल्याकडे ती महापालिका करते), नाही तर किमान निकष पूर्ण पाहिजेत: दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरात म्हणजे नागपुरात 15 बेड, चोवीस तास नर्स आणि डॉक्टर, स्वतःचं ऑपरेशन थिएटर, रोजचे रेकॉर्ड. रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटची झेरॉक्स भरतीच्या दिवशीच मागून घ्या. जो देताना कां-कूं करतो त्याच्याकडे क्लेमच्या भरवशावर पेशंट नेऊ नका.

शिफ्ट करताना अजून एक गडबड होते. पहिल्या हॉस्पिटलमध्ये बिल वाढतंय म्हणून घरचे घाई करतात आणि डिस्चार्ज कार्डवर डीएएमए लिहून येतं, म्हणजे डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध नेलं. पुढच्या क्लेमला हा कागद नडतो. त्याच्याऐवजी न्यूरोवाल्या डॉक्टरला निवांत गाठा आणि डिस्चार्ज समरीत रेफर केल्याचं, भरती करूनच रिहॅब का पाहिजे याचं कारण, आणि फिजिओ किती काळ हे लिहून मागा. खोटं लिहा म्हणायचं नाही. जे डॉक्टर तोंडाने सांगून राहिले तेच कागदावर पाहिजे, बस. आणि ही भरती प्लॅन्ड असते, म्हणून 48 तास आधी कंपनीला मेल टाका. जानेवारी 2024 पासून नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलमध्येही कॅशलेस मागता येतं, पण अशीच आधी कळवण्याची अट आहे आणि हॉस्पिटलही तयार पाहिजे.

आता बरेच क्लेम जिथे पडतात तिथे येतो, रोजच्या नोट्स. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांची फाईल पाहिली होती, महिनाभराचे इनडोअर पेपर (भरतीतले रोजचे केसपेपर), आणि जवळपास प्रत्येक पानावर एकच ओळ: "पेशंट स्टेबल, सीएसटी, फिजिओ दिला." सीएसटी म्हणजे तेच औषध चालू ठेवा. प्रत्यक्षात त्या महिन्यात काकांची ट्यूब निघाली, छातीत इन्फेक्शन झालं, अँटिबायोटिक बदललं, ते आधार घेऊन बसायला लागले, पण कागदावर माणूस पहिल्या दिवसापासून स्टेबल! टीपीएने लिहून दिलं की हे ओपीडीत होऊ शकलं असतं, क्लेम नामंजूर. तुम्ही डॉक्टर नाही, नोट्स तुम्ही लिहू शकत नाही, पण राऊंडला आले की आदराने विचारू शकता की सर, आज जे बदललं ते फाईलमध्ये येतंय ना. थेरपिस्टला म्हणा की दर आठवड्याचा असेसमेंट स्कोअर फाईलला लावा, हातापायाची ताकद, बसणं, गिळणं, बोलणं. आधी काय होतं आणि आता काय आहे हे दिसलं की ही नुसती देखभाल आहे म्हणणं त्यांना अवघड जातं.

याच्याच जोडीला बिल. "न्यूरो रिहॅब पॅकेज, 30 दिवस" असं एका ओळीचं बिल घेऊच नका. बेड, नर्सिंग, डॉक्टर व्हिजिट, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच, औषधं, तपासण्या, सगळं वेगवेगळं पाहिजे. कारण उद्या भरतीचा क्लेम पडलाच, तरी आधीच्या हॉस्पिटलच्या डिस्चार्जनंतरच्या खर्चासाठी पॉलिसीत ठरलेले दिवस हातात असतात, आरोग्य संजीवनीत (सगळ्या कंपन्यांकडे मिळणारी एकसारखी पॉलिसी) 60, बऱ्याच पॉलिसीत त्याहून जास्त. त्यात त्याच आजाराची औषधं, तपासण्या आणि पॉलिसीत असेल तर डॉक्टरने लिहिलेला फिजिओ मागता येतो. पॅकेजच्या एका आकड्यातून ते कोण वेगळं काढून देणार? आणि हे दिवस पहिल्या डिस्चार्जपासून मोजले जातात, रिहॅबमधून सुटल्यापासून नाही. कागद जमा करायचीही मुदत असते, आरोग्य संजीवनीत हे दिवस संपल्यावर 15 दिवस.

डायपर, एअर बेड, वॉकर, स्प्लिंट, अटेंडंट चार्ज, हे सगळं 68 आयटमच्या न मिळणाऱ्या यादीत आहे. कन्झ्युमेबल्सचं ॲड-ऑन (असल्या वस्तूंसाठी जादा पैसे भरून घेतलेलं कव्हर) नसेल तर खिशातूनच. रूम रेंटची मर्यादा तोडली तर डॉक्टर-नर्सिंगसारखे बाकीचे चार्जही त्या प्रमाणात कापतात, तेव्हा एसी डिलक्सचा मोह आवरा, नागपूरचा मे महिना असला तरी.

कॅज्युअल्टीत घाबरलेला मुलगा "बाबांना बीपी कधीपासून?" ला "होईल की दहा-पंधरा वर्षं" असं ठोकून देतो आणि तेच केसपेपरवर चढतं, मग पॉलिसी घेताना का नाही सांगितलं म्हणून क्वेरी. जुनी प्रिस्क्रिप्शन पाहून जे खरं आहे ते सांगा. पॉलिसी सलग 60 महिने चालली असेल तर फ्रॉड सिद्ध केल्याशिवाय या कारणावर क्लेम नाकारता येत नाही, हे लक्षात ठेवा.

पुण्याला आयटीत असलेल्या पोरांसाठी एक. आईबाबा कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत असतील आणि रिहॅब सुरू असताना नोकरी बदलली तर कव्हर साधारण शेवटच्या वर्किंग डेला संपतं. राजीनामा टाकण्याआधी एचआरला विचारा.

एवढं करूनही रिजेक्शन आलं तर फोनवरच्या "नाही होणार सर" ला उत्तर समजू नका. कारण आणि पॉलिसीचं कलम लेखी मागा, कलमाचा आधार न देता नाकारता येत नाही. मग कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला मेल, सोबत डॉक्टरचं पत्र, स्कोअर आणि कलमातलं ते "इलाजासाठी नाही" वालं वाक्य. बीमा भरोसा या विमा नियामकाच्या तक्रार पोर्टलवरही टाका. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, नागपूरसाठी पुण्याचं ऑफिस. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं, तक्रार ऑनलाइन होते आणि सुनावणी व्हिडिओवरही होऊ शकते. फक्त कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत जायला पाहिजे, आणि तेच प्रकरण ग्राहक आयोगात आधीच टाकलं असेल तर लोकपाल घेत नाहीत, म्हणून आधी लोकपाल करा. इनडोअर पेपरची पूर्ण झेरॉक्स मात्र डिस्चार्जच्या दिवशीच हॉस्पिटलमधून घेऊन ठेवा, नंतर रेकॉर्ड रूमवाला आज या, उद्या या करत बसतो.