फ्लॅट विकताना एजंट कसा निवडायचा आणि ब्रोकरेज नेमकं कशाचं द्यायचं

"काकू, तुम्हाला हातात किती पाहिजेत तेवढं सांगा, वरचं आमचं आम्ही बघतो."

आईच्या कोथरूडच्या फ्लॅटसाठी जो पहिला एजंट घरी आला त्याचं हे बोलणं आईला फार आवडलं होतं, कारण तिला वाटलं चला, म्हणजे ब्रोकरेजच द्यायचं नाही. तिने ७२ लाख सांगून टाकले. पुढच्या रविवारी एक जोडपं बघायला आलं, एजंट खाली गाडी लावत होता, आणि ती मुलगी किचनमधल्या ओट्यावर हात फिरवत सहज म्हणाली, "काकू, एकोणऐंशीत पार्किंग धरलंय ना?" आई चहा गाळत होती, गाळणं हातात तसंच राहिलं तिच्या.

सात लाखांचा फरक, आणि आम्हाला पत्ताच नाही.

याला नेट भाव म्हणतात आणि माझं कळकळीचं सांगणं आहे की घर कधीच नेटवर देऊ नका. कारण नेटवर दिलं की एजंटचा फायदा तुम्हाला आणि घेणाऱ्याला एकमेकांपासून लांब ठेवण्यात असतो, ७५ ची ऑफर आली तरी तो तुम्हाला सांगेलच असं नाही, उलट ७९ वाला मिळेपर्यंत थांबेल आणि तेवढ्यात तुमचा फ्लॅट मार्केटमध्ये शिळा होईल. शिवाय वरचे पैसे येणार कसे? एकतर घेणाऱ्याकडून रोखीत, नाहीतर अ‍ॅग्रीमेंट ७९ चं करून तुमच्याकडून परत घेणार, आणि मग कॅपिटल गेन, म्हणजे विक्रीवरचा करपात्र नफा, मात्र तुमच्या नावावर ७९ लाखांवर मोजला जाणार. त्या सात लाखांचं बिल तो देणार नाही, म्हणजे खर्च म्हणून दाखवायची सोयही गेली.

तर मग करायचं काय, तर एजंटला फोन करायच्या आधी स्वतः भाव काढा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर मोफत ई-सर्च आहे, त्यात वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक टाकला की झालेल्या दस्तांची सूची २, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो ती दिसते. साइट कधीकधी रडवते, सकाळी लवकर करून बघा. सूची २ मध्ये 'मोबदला' म्हणजे प्रत्यक्ष अ‍ॅग्रीमेंटची किंमत आणि 'बाजारभाव' म्हणजे रेडी रेकनरचं सरकारी मूल्य, हे दोन्ही वेगळे आकडे आहेत, गोंधळू नका. क्षेत्रफळ बहुतेक वेळा चौरस मीटरमध्ये असतं, त्याला १०.७६४ ने गुणायचं, म्हणजे ५५ चौरस मीटरचे साधारण ५९२ चौरस फूट झाले. आणि तिथेच कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) लिहिलंय का बिल्टअप (भिंती धरून) तेही बघा, जुन्या सोसायट्यांच्या दस्तांमध्ये बरेचदा बिल्टअप असतं आणि लोक भाव कार्पेटचा लावून बसतात. आपल्या आणि शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांमधले वर्षभरातले चार-पाच दस्त काढलेत की तुम्हाला कुणी काहीही भाव सांगून गुंडाळू शकत नाही. जाहिरातींमधले भाव हे मागितलेले भाव असतात, मिळालेले नाही.

आता एजंट. मी म्हणेन घराच्या दोन-तीन किलोमीटरच्या आत काम करणारा बघा. त्याच्याकडे त्या भागातल्या भाडेकरूंची यादी असते, आणि त्यातलेच बरेच जण पुढे घर घेतात. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा की मागच्या दोन वर्षांत इथले फ्लॅट कुणी विकून दिले. तीन जणांना घरी बोलवा, एकालाच नाही. आणि जो सगळ्यात जास्त भाव सांगेल त्याला लगेच भुलू नका, काही जण काम मिळवायला मोठा आकडा सांगतात आणि महिन्याभराने "मार्केट डाउन आहे काका" म्हणून खाली आणायला लागतात. तुमच्याकडे इंडेक्स टू चे आकडे आहेतच, समोर ठेवा आणि विचारा की तुमचा भाव यापेक्षा वेगळा का. चांगला एजंट मजला, पार्किंग, लिफ्ट, रीडेव्हलपमेंटची शक्यता असं सगळं धरून उत्तर देतो.

महारेरा, म्हणजे बिल्डर आणि एजंटवर देखरेख ठेवणारं राज्याचं सरकारी प्राधिकरण, त्याचा नोंदणी नंबर मागा. रेरा कायद्यानुसार नोंदणी झालेल्या प्रोजेक्टमधले फ्लॅट विकणाऱ्या एजंटला नोंदणी करावीच लागते, आणि महाराष्ट्रात त्यासाठी आता ट्रेनिंग घेऊन परीक्षाही पास व्हावी लागते. एजंटचा नंबर इंग्रजी ए अक्षराने सुरू होतो, पी ने सुरू होणारा नंबर प्रोजेक्टचा असतो. कार्डावर नंबर छापलाय एवढ्यावर थांबू नका, महारेराच्या साइटवर टाकून नाव जुळतंय का आणि मुदत संपलेली नाही ना ते बघा, नोंदणी पाच वर्षांची असते. तुमची सोसायटी १९९० च्या आसपासची असेल तर ती रेरात नसणार, आणि नुसती रीसेल करणारे काही जण म्हणतील की आम्हाला नंबरची गरज नाही. तरी मी नंबर असलेलाच निवडेन, कारण गडबड झाली तर त्याला काहीतरी गमवायचं असतं.

त्याला विचारायचे माझे प्रश्न असे असतात: मागचे तीन व्यवहार कुठले, त्यातल्या एका विकणाऱ्याशी फोनवर बोलता येईल का, साठेखताच्या, म्हणजे विक्रीचा करार रजिस्टर करायच्या, दिवशी रजिस्ट्रार ऑफिसला तू स्वतः येणार का पोरगा पाठवणार, घेणाऱ्याच्या लोनची फाइल कोण बघणार, आणि घेणाऱ्याकडूनही ब्रोकरेज घेणार आहेस का. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे दोन्ही साइडने घेतात, ते नेहमीचंच आहे, पण मग तो पूर्णपणे तुमच्या बाजूचा नाही हे लक्षात ठेवून बोला. "आमची ६८ ला पण तयारी आहे" हे त्याच्यासमोर बोललात की संपलं, ते समोर पोचलं असं धरा.

पैशांचं बघू. पुण्या-मुंबईत रीसेलला साधारण १ ते २ टक्के एका साइडने मागतात आणि कायद्याने ठरवलेला असा काही दर नाही, म्हणजे बोलणी होतात आणि करायलाच हवीत. ८० लाखांच्या फ्लॅटवर १ टक्का म्हणजे ८०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १४,४०० म्हणजे ९४,४००. २ टक्के असेल तर जीएसटी धरून १,८८,८००. हा जीएसटीचा आकडा लोक शेवटच्या दिवशी ऐकतात आणि भांडणं होतात, म्हणून आधीच विचारा की १ टक्का जीएसटी धरून का वेगळा. आणि ज्याचं जीएसटी रजिस्ट्रेशनच नाही त्याला जीएसटी लावता येत नाही, बिलावर नंबर बघा.

टक्के कशावर, तर अ‍ॅग्रीमेंटमधल्या किमतीवर, मागितलेल्या किमतीवर नाही. द्यायचे कधी, इथे आम्ही ठाम राहिलो. टोकन, म्हणजे सुरुवातीची बयाण्याची रक्कम, आलं की लगेच ब्रोकरेज मागतात, देऊ नका, कारण टोकननंतर व्यवहार फिसकटतात, लोन नामंजूर होतं, घरातलं कुणीतरी नाही म्हणतं. आम्ही निम्मं साठेखत रजिस्टर झाल्यावर आणि निम्मं बँकेचे सगळे पैसे आईच्या खात्यात आल्यावर असं ठरवलं. पहिल्याला सोडून मग जो दुसरा एजंट घेतला त्याने थोडी कुरकुर केली पण ऐकलं, आणि खरं सांगते, बँकेच्या मागे लागून चेक लवकर काढून द्यायला त्याने जी धावपळ केली ती त्या राहिलेल्या निम्म्यामुळेच.

हे सगळं कागदावर घ्या. वकिली भाषा लागत नाही, आम्ही एका पानावर लिहिलं होतं आणि दोघांनी सही केली: फ्लॅटचा पत्ता, ब्रोकरेज १ टक्का अधिक जीएसटी, अ‍ॅग्रीमेंट किमतीवर, दोन हप्त्यांत वरच्याप्रमाणे, आलेली प्रत्येक ऑफर आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून कळवायची, टोकन घ्यायचं तर आईच्याच खात्यात, व्यवहार मोडला तर ब्रोकरेज नाही, मुदत ६० दिवस. मुदत नसेल तर सहा महिन्यांनी तुमच्या मावसभावाने गिऱ्हाईक आणलं तरी एजंट येऊन हक्क सांगतो.

एकालाच द्यायचं का चार जणांना, यावर दोन्ही बाजूंनी लोक बोलतात. मला एकालाच, पण ६० दिवसांसाठी, हे पटलं. चार जणांना दिलं की एकच फ्लॅट चार वेगवेगळ्या किमतींना ऑनलाइन दिसतो, घेणारा सगळ्यात कमी किमतीवरून बोलायला सुरू करतो, आणि कुणीच मनापासून फोटो काढत नाही.

एजंटशिवायचे खर्च पण आधीच लिहून काढा. स्टॅम्प ड्यूटी आणि रजिस्ट्रेशन घेणाऱ्याचं. सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करायचे पैसे, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० घेता येतो, त्याच्यावर डोनेशन वगैरे मागत असतील तर लेखी मागणी द्या म्हणावं, आणि हा प्रीमियम कोण भरणार ते टोकनच्या आधीच ठरवा. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापून तुमच्या पॅनवर भरतो, ते पैसे बुडत नाहीत, रिटर्नमध्ये मिळतात, पण त्याच्याकडून सर्टिफिकेट घ्या. ब्रोकरेज बँकेतून द्या आणि बिल घ्या, कॅपिटल गेन काढताना ते विक्रीच्या खर्चात वजा होतं. "बिल नको, कॅशमध्ये दिलंत तर थोडं कमी करतो" यात तुमचं नुकसानच आहे. घराच्या किमतीपैकी २०,००० किंवा जास्त रोख घेणं तर कायद्यातच बसत नाही, तेवढाच दंड बसू शकतो.

मुलं अमेरिकेत, लंडनला आणि फ्लॅट त्यांच्या नावावर असं आता घरोघरी आहे. त्यांच्यासाठी एवढंच की विकणारा एनआरआय असेल तर टीडीएसचा नियम वेगळा आणि रक्कम बरीच मोठी असते, त्यामुळे कमी टीडीएसचं सर्टिफिकेट व्यवहाराच्या आधी सीएच्या मदतीने इन्कम टॅक्स खात्याकडून काढून घ्या, आणि पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी भावाला, बहिणीला, आईवडिलांना द्या, एजंटला कितीही चांगला असला तरी नाही.

चावीचंही तसंच. रिकामा फ्लॅट असेल तर एजंट चावी मागतो, सोयीचं असतं, पण आम्ही ती समोरच्या काकूंकडे ठेवली आणि एक वही, कोण कधी आलं ते लिहायला. कागदपत्रांच्या फक्त झेरॉक्स द्यायच्या आणि प्रत्येक पानावर 'फक्त फ्लॅट बघण्यासाठी' असं आडवं लिहून तारीख टाकायची. सोसायटीचं मूळ शेअर सर्टिफिकेट आणि मूळ अ‍ॅग्रीमेंट आईने शेवटपर्यंत कुणाच्या हातात दिलं नाही, साठेखताच्या दिवशी स्वतःच्या पिशवीतून काढून वकिलांना दाखवलं आणि परत पिशवीत ठेवलं.