गल्लीतल्या मैत्रिणी, घरातली माणसं: लहानपण कागदावर कसं उतरवायचं

लहानपणावर लिहायचं ठरवलं की बहुतेक जण पहिल्या पानावर जन्मगाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं लिहितात आणि चौथ्या पानाशी अडकतात. आयुष्याचा आढावा घ्यायला बसलं की सांगण्यासारखं फार निघत नाही. पण पाचवीतल्या मैत्रिणीच्या घरी दुपारी काय शिजायचं, तिच्या आजीनं आपल्याला कुठपर्यंत आत येऊ दिलं, हे आठवायला लागलं की पान पुरत नाही. मराठवाड्यात, खेड्यात किंवा तालुक्याच्या गल्लीत वाढलेल्या कुणालाही हे लिहिता येतं. त्यासाठी लेखक असावं लागत नाही. दोनशेपानी वही, फोन आणि आठवड्यातली एक मोकळी दुपार एवढ्यावर काम भागतं.

मी सांगते ती पद्धत एकाच गोष्टीवर उभी आहे. मैत्री आणि घर यांची वेगवेगळी प्रकरणं करू नका. मैत्रिणीच्या दारातून आपलं घर नीट दिसतं, आणि आपल्या घरातल्या रीतीभाती पाहिल्या की कळतं, कोण आपली मैत्रीण होऊ शकली आणि कोण नाही.

आधी हद्द आखा

सगळं लहानपण लिहायला घेऊ नका. एक गल्ली, एक शाळा, एक शेत आणि तीन-चार वर्षं घ्या. तिसरी ते सातवी हा काळ बहुतेकांना चांगला आठवतो. वडील मास्तर किंवा एसटीत असल्यामुळे बदल्या झाल्या असतील, तर त्यातलं एकच गाव निवडा. बाकीची गावं पुढच्या वहीसाठी ठेवा.

गल्लीचा नकाशा

लिहिण्याआधी मोठ्या कागदावर गल्ली काढा. वेस, मारुतीचा पार, हापसा, पिठाची गिरणी, शाळा, दर्गा, आड. चित्र चांगलं यायची गरज नाही. मग एकेक घर काढा आणि पेन्सिलीनं खूण करा, या घरात मी कुठपर्यंत जायची? ढेळजेपर्यंत (दारातल्या ओसरीपर्यंत), अंगणापर्यंत, चुलीपाशी, की थेट जिन्यानं माळवदावर? आणि आमच्या घरात कोण कुठपर्यंत यायचं?

अर्धं लिखाण या खुणांमधूनच निघतं. आमच्या घरी एक मैत्रीण सरळ चुलीपाशी यायची. माय तव्यावरची भाकरी मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवायची. दुसरीबरोबर मी दिवसभर बोरं वेचायची, पण तिला पाणी ढेळजेत मिळायचं, तेही वरून ओंजळीत. दोघी माझ्याच वर्गातल्या. हे जसं होतं तसंच लिहा. आज अवघड वाटतं म्हणून पुसू नका, आणि आजचं शहाणपण त्या वयाच्या पोरीच्या तोंडी घालू नका. ज्यांचं लहानपण १९७८ च्या आसपासचं आहे, त्यांच्यासाठी हे आणखी गरजेचं आहे. त्या वर्षी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा, म्हणजे त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव झाल्यावर मराठवाड्यातल्या अनेक गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. त्या दिवसांत वर्गातलं कोण शाळेत यायचं थांबलं, घरातली मोठी माणसं हळू आवाजात काय बोलत होती, हे तेव्हाच्या शाळकरी मुलांनीही पाहिलेलं आहे. जुन्या नावाला आंबेडकरांचं नाव जोडून विद्यापीठाचा नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधली पंधरा-सोळा वर्षं गल्लीगल्लीत कशी गेली, हे अशा वह्यांमधून कळेल.

किल्लारी-सास्तूर पट्ट्यातल्या वाचकांनी तर नकाशाचं काम आजच हाती घ्यावं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, भूकंपात गावंच्या गावं पडली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्याखाली झोपेतच माणसं गेली. पुढे ५२ गावांचं दुसऱ्या जागी पुनर्वसन झालं, घरं सरळ ओळींत उभी राहिली. जुन्या गल्लीत कुणाचं दार कुणाच्या दारासमोर होतं, हे आता फक्त माणसांच्या डोक्यात आहे. तिथला नकाशा एकट्यानं काढू नका. तीन घरांतली तीन माणसं एका कागदाभोवती बसवा. जी राहिली नाहीत, त्यांच्या घराचीही चौकट काढा आणि आत नाव लिहा.

तारीख आठवत नसेल तर

आपल्याकडे निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती लिहिली. तेव्हा तारखांच्या मागे फार लागू नका. मोठ्या घटनांना गाठ मारा. आजी ‘दुष्काळात’ म्हणते तेव्हा बहुधा १९७२ चा, खडी फोडायच्या कामाचा, सुकडीचा आणि लाल मिलो ज्वारीचा. कुणी ‘पोलीस ॲक्शनच्या वेळी’ म्हटलं तर सप्टेंबर १९४८, भारतीय फौजा निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरल्या तेव्हाचं. पैठणकडं जायकवाडीच्या पाण्यात गाव गेलेली माणसं ‘धरणाआधी’ आणि ‘धरणानंतर’ असाच काळ मोजतात. अलीकडचं लहानपण असेल, तर २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ती खूण लातूरच्या पोरांना पुरेशी आहे.

वर्ष सापडलं नाही तरी महिना सापडतोच. मिरगाची पेरणी, पंचमीचे झोके, पोळा, दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघणं, येळवस (वेळ अमावस्या), हुरडा, मग उन्हाळ्याची सुट्टी. प्रत्येक आठवणीपुढे यातलं एक नाव टाका. येळवशीसाठी लातूर-धाराशिवकरांनी एक पान वेगळं राखावं. त्या दिवशी भज्जी आणि आंबील घेऊन सगळं गाव रानात असतं आणि बांधावरून जाणाऱ्यालाही जेवायला बोलावतात. कोण कुणाच्या शेतात जेवलं, याची यादी केली तर गावातली नाती समोर येतात.

माणसांकडे जा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. आपल्याला जे आठवतं ते अर्धंच असतं. उरलेलं मैत्रिणीकडे, चुलतीकडे, शेजारच्या अण्णांकडे असतं.

सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे आधी जा. त्यानंतर मैत्रिणी शोधा. मुलींचं शोधणं अवघड, कारण आमच्याकडं कितीतरी पोरी आठवी-नववीतून उठवून लग्नं करून दिल्या. गाव बदललं, आडनाव बदललं, काहींचं नावही बदललं. फोन नंबर शोधत बसण्यापेक्षा पंचमीला किंवा दिवाळीला गावी जा. लेकी माहेरी आलेल्या असतात, सासरच्यापेक्षा निवांत असतात. आणि मैत्रीण भेटली की तिच्या लग्नाबद्दल पहिल्याच दिवशी विचारू नका. शाळेच्या वाटेबद्दल विचारा. ती स्वतःहून तिथं येते.

बीड, परभणी, जालना भागात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मित्रमैत्रिणी असतील, तर आपल्या आठवणीत दरवर्षी एक खड्डा पडतो. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली घरं कारखान्याकडं निघायची. बाकावरची जागा रिकामी, ती थेट पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर भरायची. आपण एवढंच लिहितो की ‘ती सहा महिने नसायची’. पण ती तेव्हा कुठंतरी होतीच! फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत होती, पहाटे मायबाप ऊस तोडायला गेले की धाकट्या भावाला सांभाळत होती. त्या महिन्यांचं पान तिच्याकडूनच लिहून घ्या, तिच्याच शब्दांत.

काय विचारायचं? ‘जुन्या आठवणी सांगा’ म्हटलं की माणूस गप्प होतो किंवा भाषण करतो. बारीक, हाताला लागणारं विचारा:

- रात्री घरात कोण कुठं झोपायचं?
- पहिली भाकरी कुणाच्या ताटात पडायची, शेवटची कुणाच्या?
- बळदातली (धान्याच्या कोठीतली) ज्वारी कधी सरायची, मग काय करायचात?
- पाहुणा आला की कुणाच्या घरून काय उसनं यायचं?
- तुझी मैत्रीण कोण होती?

हा शेवटचा प्रश्न आपल्या आईला विचारा. माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायकांना तो आयुष्यात कुणी विचारलेला नाही. आईचं लहानपण म्हणजे तिची गरिबी आणि तिचं लग्न, एवढंच आपण ऐकत आलेलो असतो. तिलाही कुणाबरोबर तरी सागरगोटे खेळताना जेवणाचं भान राहिलं नव्हतं. विचारून थांबा. उत्तर यायला वेळ लागतो.

हात कामात असले की माणूस मोकळं बोलतो. तांदूळ निवडताना, वाती वळताना, शेंगा फोडताना सोबत बसा आणि आपणही फोडा. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी सांगा आणि हो म्हणाले तरच करा. फोन फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन बोलणाऱ्याच्या जवळ पण उशीवर किंवा घडी घातलेल्या कापडावर ठेवा. एका बैठकीला अर्धा-पाऊण तास पुष्कळ झाला. फाईलला लगेच नाव द्या, ‘मोठी आत्या, दुष्काळ’ असं, नाहीतर महिन्याभरानं नुसते आकडे उरतात. एक प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी फोनमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर हवीच.

जुने फोटो निघाले तर मागे मऊ पेन्सिलीनं नावं लिहा. पेनाची शाई उमटते, दाब पुढच्या बाजूला येतो. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला तर त्याचा दर्जा घसरतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

लिहायला बसल्यावर

एका वेळी एकच प्रसंग, एक-दोन पानं. सुरुवात एखाद्या कामानं किंवा वस्तूनं करा. ‘आमची मैत्री खूप घट्ट होती, सुट्टीत आम्ही खूप मजा करायचो’ हे वाक्य कुणाच्याही वहीत बसतं, म्हणून ते काढून टाका आणि त्या जागी एक दुपार लिहा:

‘मिरगाच्या आधी बियाण्याच्या शेंगांचं पोतं ढेळजेत ओतलं की ती यायची. मजुरी पायलीवर ठरलेली. तोंडात टाकलेले दाणे माय बघून न बघितल्यासारखं करायची, पण चुलतीची नजर सुटत नव्हती. “खाऊलालीस का फोडूलालीस गं?” म्हटलं की ही गाल फुगवून नुसती मान हलवायची. दिवस मावळता दाणे मापून तिचे पैसे तिच्या मायच्या हातात पडायचे. मीही तेवढेच फोडलेले असायचे, पण मला कोण देणार? माझे घरचे होते.’

यात मैत्रीची तारीफ कुठंच नाही, तरी दोघी दिसतात, दोघींची घरंही दिसतात.

निवेदन आपल्या नेहमीच्या लिहिण्याच्या भाषेत ठेवा, संवाद मात्र गावच्या बोलीतच. लातूरकडं ‘काय करूलालास’, बीड-परभणीकडं ‘काय करायलास’. ते ‘काय करत आहेस’ केलं की माणूसच बदलतो. गूगल डॉक्समध्ये किंवा फोनच्या कीबोर्डवर बोलून मराठी टाईप होतं आणि त्यानं वेळ वाचतो, पण बोलीतले शब्द ते हमखास पुस्तकी करून टाकतं. म्हणून रेकॉर्डिंग ऐकत ऐकत संवाद हातानं दुरुस्त करा. ज्या संध्याकाळी बोलणं झालं त्याच रात्री निदान ठळक वाक्यं उतरवून ठेवा.

एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत तर कोण खरं, याचा निवाडा करू नका. भाऊ म्हणतो बैल विकला तेव्हा बाप रडला, बहीण म्हणते बाप घरातच नव्हता. दोन्ही लिहा, एकाखाली एक. घरातलं भांडण, वाटणी, दारू, कर्ज हे विषय आले तर ज्याची गोष्ट आहे त्याला आधी वाचून दाखवा. वाचता येत नसेल तर शेजारी बसून मोठ्यानं वाचा. कुणी ‘हे नको’ म्हटलं आणि ते त्या माणसाच्या स्वतःच्या जगण्यातलं असेल, तर काढा. स्वतःची चूक झाकायला म्हणत असेल तर नाव, गाव, नातं बदलून ठेवता येतं का बघा. मैत्रिणीच्या नवऱ्याच्या हातात ही वही पडली तर तिला त्रास होईल का, हा विचार प्रत्येक पानाला करा. हा माझा सगळ्यात ठाम आग्रह आहे.

बांधणी

वीस-पंचवीस तुकडे झाले की ते जमिनीवर पसरा. वर्षानुसार लावू नका. मिरगापासून उन्हाळ्यापर्यंत लावा. वेगवेगळ्या वर्षांच्या दिवाळ्या शेजारी आल्या की घर कसं बदलत गेलं ते आपोआप कळतं: एका दिवाळीत सगळे एका ताटात, पुढच्या दिवाळीत चूल वेगळी.

युनिकोड मराठीत टाईप करून घ्या, म्हणजे कुठल्याही फोनवर उघडतं. तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडं दहा-वीस प्रती निघतात, घरापुरत्या असतील तर स्पायरल बांधणी चालते. आयएसबीएन फक्त विक्रीसाठी पुस्तक काढायचं असेल तर बघा. भारतात तो सरकारी संस्थेकडून मोफत मिळतो. नकाशा पहिल्या पानावर घ्या, आणि शेवटी आठ-दहा पानं कोरी सोडा. पहिली प्रत मैत्रिणीला द्या, तिला त्या कोऱ्या पानांवर चुका, राहिलेली नावं आणि तिला आठवतं ते लिहायला सांगा. पुढच्या पंचमीला ती प्रत मागून घ्या आणि दुसऱ्या छपाईत तिची पानं तिच्या नावानिशी घाला, तिची हरकत नसेल तर.