भाड्याचा ट्रक घेऊन दुसऱ्या राज्यात शिफ्ट होताय? रात्रीच्या मुक्कामाचं आधी ठरवा

अमेरिकेत नवीन आलेल्या आपल्या मंडळींना पहिल्या काही वर्षांत एकदा तरी राज्य बदलावं लागतंच, प्रोजेक्ट संपतो, क्लायंट बदलतो, नाहीतर शिक्षण संपून नोकरी भलत्याच टोकाला लागते. मूव्हर्सचा आकडा ऐकला की बरेच जण स्वतःच ट्रक चालवायचं ठरवतात. यू-हॉल, पेन्स्की, बजेट, ट्रक भाड्याने देणाऱ्या कुठल्याही कंपनीचा घ्या, २६ फुटी ट्रकला पण साधं ड्रायव्हिंग लायसन्स चालतं कारण कमर्शियल लायसन्सची अट सामानासकट कमाल वजन २६,००१ पाउंड असलेल्या गाड्यांपासून सुरू होते. मग मला फोन येतात, बॉक्स किती लागतील, पेट्रोल किती खाईल. रात्री ट्रक कुठे लावणार हे मात्र मलाच विचारावं लागतं. मला इथे एकोणीस वर्षं झाली, चार वेळा असं घर हलवलं आणि पहिल्याच खेपेला रात्रीत कुलूप तोडून चोरी झाली, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

तेव्हा आम्ही ओहायोहून टेक्सासला चाललो होतो, हजार मैलांच्या वरचा रस्ता, मध्ये एक मुक्काम. एक्झिटवरच्या एका हॉटेलात पोचेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले, पुढे जागा नव्हती म्हणून ट्रक मागच्या बाजूला अंधारातच लावला आणि जाऊन झोपलो. सकाळी बघतो तर मागचं शटर अर्धं वर. सोफा जागेवर, गादी जागेवर, डायनिंग टेबलला हात पण लावलेला नाही. गेले ते दाराला लागून ठेवलेले चार बॉक्स आणि एक बॅग, आणि त्या बॅगेत आमचे पासपोर्ट, आय-७९७ (व्हिसाचा अर्ज मंजूर झाल्याची सरकारी नोटीस), लग्नाचं सर्टिफिकेट, डिग्रीची कागदपत्रं, सगळं एकत्र.

असं का झालं याचा मी नंतर खूप विचार केला. घर रिकामं करताना महत्त्वाच्या वस्तू आपण शेवटपर्यंत हाताशी ठेवतो, त्यामुळे ट्रकमध्ये त्या सगळ्यात शेवटी चढतात आणि नेमक्या दारापाशी बसतात. म्हणजे चोराला शोधावं पण लागत नाही. त्यामुळे कुलुपाच्या आधी भरण्याचा क्रम ठरवा. किमती पण ट्रकमध्येच न्यावं लागणारं सामान, टीव्ही, मिक्सर, चांगली भांडी, हे केबिनच्या बाजूला आत. यू-हॉलच्या मोठ्या ट्रकना केबिनच्या डोक्यावर एक कप्पा असतो, त्याला मॉम्स ॲटिक म्हणतात, नाजूक वस्तूंना ती जागा उत्तम, कारण तिथे पोचायला अख्खा ट्रक उपसावा लागतो. जड सामान तसंही पुढेच भरायचं असतं, गाडीचा तोल त्याने नीट राहतो. आणि दाराला लागून गादी, सोफा, बुकशेल्फ अशी भिंत उभी करून पट्ट्याने आवळून बांधा. दार उघडलं तरी समोर फक्त गादी दिसली पाहिजे. बॉक्सवर 'इलेक्ट्रॉनिक्स' वगैरे लिहू नका, नंबर टाका आणि कुठल्या नंबरात काय आहे त्याची यादी फोनमध्ये ठेवा.

जे गेलं तर परत उभं करणं कठीण आहे ते ट्रकमध्ये नकोच, रात्री खोलीत तुमच्याबरोबर. पासपोर्ट, आय-७९७, आय-२० (विद्यार्थ्यांना कॉलेजकडून मिळणारा फॉर्म), ईएडी कार्ड (काम करण्याची परवानगी), ग्रीन कार्ड, सोशल सिक्युरिटी कार्ड, दागिने, लॅपटॉप, फोटोंची हार्ड डिस्क, औषधं, आणि मुलं असतील तर त्यांचे लसीकरणाचे कागद, नव्या शाळेत ॲडमिशनच्या वेळी ते मागतातच. पासपोर्ट हरवला तर पोलीस रिपोर्ट घेऊन नव्यासाठी अर्ज करता येतो, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) ऑनलाइन परत काढता येतं, पण आय-७९७ च्या डुप्लिकेटसाठी आय-८२४ फॉर्म भरून फी भरून वाट बघत बसावं लागतं, आणि हरवलेला व्हिसा स्टॅम्प तर अमेरिकेत बसून बदलून मिळतच नाही, पुढच्या वेळी बाहेर गेलात की परत येण्याआधी नवा घ्यावा लागतो. आमचं त्या वर्षीचं भारतात जाणं यातच राहिलं. सगळ्याचे स्कॅन आधीच काढून ठेवा.

आता कुलूप. ट्रकबरोबर कुलूप येत नाही, ते आपलं आपण आणायचं. साधं लांब कडीचं कुलूप बोल्ट कटरने काही सेकंदात तुटतं, आमचं तसलंच होतं. गोल डिस्क लॉक घ्या, त्याची कडी जवळजवळ पूर्ण झाकलेली असते त्यामुळे कटरला पकडायला जागा मिळत नाही. ट्रक ताब्यात घेतानाच ते दाराच्या कडीत बसतंय का बघा, सामान भरून झाल्यावर नाही. स्टिअरिंगला लावायचा दांडा पण घ्या, कारण कधी कधी अख्खा ट्रकच चोरीला जातो आणि मग आतलं कसं रचलंय याला काही अर्थ उरत नाही. एक-दोन बॉक्सच्या तळाशी एअरटॅग (फोनवर जागा दाखवणारी छोटी चकती) टाकून ठेवा.

पार्किंगला खरा वेळ द्या. ट्रक रिव्हर्स घेऊन मागचं दार भिंतीला इतकं जवळ आणा की मध्ये माणूस शिरणार नाही. शटर वर सरकणारं असतं त्यामुळे ते उघडेल कदाचित, पण सामान बाहेर काढायला जागाच राहणार नाही. रिव्हर्स घेताना एकाने खाली उतरून मागे उभं राहायचंच, आरशात काही दिसत नाही, आणि वरती छज्जा आहे का ते पण बघायचं. भिंत मिळाली नाही आणि तुमची कार दुसरं कोणी चालवत येत असेल तर ती ट्रकच्या मागे अगदी चिकटून लावा, हॉटेलला विचारून. कारची पुढची चाकं डॉलीवर (ट्रकमागे जोडायच्या छोट्या ट्रेलरवर) चढवून ओढत असाल तर रिव्हर्स घेऊच नका, डॉलीला ते चालत नाही, त्यामुळे सरळ आत जाऊन सरळ बाहेर पडता येईल अशीच जागा हवी. डॉली ट्रकपासून सोडू नका आणि तिच्या कपलरला, म्हणजे ट्रकला जोडणाऱ्या भागाला, वेगळं कुलूप लावा.

हॉटेल आधी ठरवा आणि बुकिंगनंतर थेट फ्रंट डेस्कला फोन करून विचारा की २६ फुटी ट्रकला जागा आहे का, तिथे दिवे आहेत का, कॅमेरा आहे का आणि त्या बाजूची खोली मिळेल का. हायवेलगतच्या हॉटेलात बहुतेक सोय होते, शहराच्या डाऊनटाऊनमध्ये जाऊ नका, तिथल्या गॅरेजमध्ये हा ट्रक शिरत नाही. मोठ्या ट्रकला साधारण १२ ते १३ फूट उंची लागते, हॉटेलच्या पोर्चखाली तर जाऊच नका, छताला लागलेलं नुकसान साध्या डॅमेज वेव्हरमधून (ट्रकच्या नुकसानीसाठी कंपनी काउंटरवर विकते ते कव्हर) बऱ्याचदा वगळलेलं असतं. उजेड असतानाच पोचा, जागा नीट बघून निवडता येते. दिवे खूप महत्त्वाचे आहेत, अशा उंच गाड्यांच्या खाली शिरून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग, आत किमती धातू असतात) कापून नेतात आणि अंधारात ते कोणाला दिसत पण नाही. रात्रीची बॅग केबिनमध्येच ठेवा. पार्किंगमध्ये मागचं शटर अजिबात उघडायचं नाही, टूथब्रशसाठी पण नाही, आत काय आहे ते सगळ्यांना दिसतं. आणि केबिनमध्ये काचेतून काही दिसता कामा नये, चार्जरची वायर सुद्धा नको.

हॉटेलचे पैसे वाचवायला ट्रकमध्येच झोपायचा विचार असेल तर हायवेवरच्या रेस्ट एरियात किती वेळ थांबता येतं याचे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत, फ्लोरिडात ३ तास, कॅलिफोर्नियात ८, टेक्सासात २४. वॉलमार्टमध्ये रात्र काढता येईल का हे त्या स्टोअरच्या मॅनेजरवर आणि गावाच्या नियमांवर असतं, आत जाऊन विचारा. लव्हज, पायलट असल्या ट्रक स्टॉपवर उजेड आणि वर्दळ असते, पण तिथल्या लांब जागा मोठ्या ट्रकवाल्यांच्या. त्यांना कायद्याने ११ तासांच्या वर गाडी चालवता येत नाही, जागा मिळाली नाही तर रात्री दोन वाजता ते कुठे जाणार? आपण त्या अडवू नयेत असं मला मनापासून वाटतं. मुलं बरोबर असतील तर हॉटेलच घ्या, दिवसभर गाडी चालवून केबिनमध्ये अवघडून झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी परत चालवायचं हे धोक्याचं आहे.

इन्शुरन्सचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे काउंटरवर पैसे भरले की सामान कव्हर झालं. डॅमेज वेव्हर ट्रकचा असतो. सामानाचं कव्हर घेतलं तरी त्यात बऱ्याचदा अपघात, आग, ट्रक उलटणं एवढंच येतं, चोरी नाही, तेवढी ओळ काउंटरवरच वाचा. आपल्या कारच्या पॉलिसीत आणि क्रेडिट कार्डच्या रेंटल कव्हरमध्ये पण असे ट्रक बहुधा येत नाहीत. चोरीला उपयोगी पडतो तो रेंटर्स इन्शुरन्स (भाडेकरूच्या सामानाचा विमा), म्हणून अपार्टमेंट सोडलं म्हणून त्याच दिवशी तो बंद करू नका, वाटेतलं सामान कव्हर आहे का हे फोन करून विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. दागिन्यांच्या चोरीला त्यात वेगळी मर्यादा असते, बऱ्याच पॉलिसीत १,५०० डॉलर.

एवढं करूनही झालंच, तर आत चढून आवराआवर करू नका, आधी फोटो, मग पोलीस, रिपोर्टचा नंबर घ्या, मग ट्रक कंपनी, मग इन्शुरन्स. ट्रकच गेला तर ९११. तेव्हा प्लेटचा नंबर आणि ट्रकवर लिहिलेला नंबर लागतो, दोन्हीचे आणि कॉन्ट्रॅक्टचे फोटो पहिल्याच दिवशी फोनमध्ये घेऊन ठेवा. एअरटॅग कुठे दिसतोय ते पोलिसांना सांगा, स्वतः तिकडे जाऊ नका, प्लीज.

आणि शेवटची रात्र. नव्या गावात संध्याकाळी पोचायचं, अपार्टमेंटची चावी मिळते दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि आता आलोच की म्हणून ट्रक रस्त्याच्या कडेला सोडून मित्राकडे झोपायला जायचं, हे मी फार जणांना करताना बघितलंय. तीही मुक्कामाचीच रात्र धरा, भिंत, दिवा, कुलूप सगळं तसंच. लीझिंग ऑफिसला आधी विचारलंत तर आवारात लावू देतात बऱ्याचदा.

ट्रक परत करताना मॉम्स ॲटिकमध्ये एकदा टॉर्च मारून बघा, आमच्या एका मित्राचा देव्हारा तिथे कोपऱ्यातच राहिला होता, आणि आपलं डिस्क लॉक काढून घ्या, पुढच्या शिफ्टिंगला लागेल.