सालीतलं तेल आणि बाटलीतला वास

संत्र्याची ताजी साल दिव्याच्या ज्योतीजवळ धरा आणि बाहेरची बाजू ज्योतीकडे करून चिमटीत दाबा. चर्र करून ठिणग्या उडतात. पोरांना हा खेळ वाटतो, पण उडतं ते सालीतलं तेल असतं, आणि त्यात बहुतेक सगळं लिमोनिन नावाचं द्रव्य. घरच्या क्लीनरचा विचार मी इथूनच सुरू करते.

माझं माहेर वरूडकडचं, संत्र्याच्या बागेतलं. सासर दर्यापूर तालुक्यात, ऐन खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं असलेल्या भागात. आंबिया बहार निघाला की भाऊ एक कॅरेट फळ आणून टाकतो आणि घरात सालींचा ढीग लागतो. इकडे पाणी असं, की साबण घासून हात दुखतात पण फेस येत नाही, वरून बादलीच्या काठाला पांढरा थर. साल माहेरची, पाणी सासरचं, दोघांचं जमवता जमवता जे कळलं ते सांगते.

लिमोनिन तेलकट डाग आणि चिकटा विरघळवतं. बरणीवरचं लेबल काढलं की जो चिकटा राहतो, त्यावर ताजी साल उलटी घासा, पाच मिनिटं थांबा, फडक्यानं पुसा. थर्माकोलच्या तुकड्यावर साल पिळून बघा, खड्डा पडतो. म्हणून हे तेल काचेच्या बाटलीतच ठेवायचं, पातळ प्लॅस्टिकच्या डब्यात नाही.

आता बाजाराच्या दिवशी मिळणारी 'संत्रा सेंट'ची बाटली. वास झकास, पण ती बरेचदा नुसता वास असतो. एक थेंब साध्या कागदावर टाकून दुसऱ्या दिवशी बघा. खरं सुवासिक तेल बहुतेक उडून जातं, डाग राहिला तर पुसटसा. मोठा तेलकट ठिपका तसाच असेल तर त्यात खाण्याचं किंवा दुसरं कुठलं तरी जड तेल मिसळलंय. नुसतं रसायनाचं सेंट मात्र या परीक्षेत पास होतं, तेव्हा लेबल वाचा. सासूबाई पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या, "वास येऊन राह्यला म्हंजे साफ झालं का वं?" त्यांचं बरोबर होतं.

दुसरी गोष्ट: तेल पाण्यात मिसळत नाही. बादलीत दहा थेंब टाकले तर वर तरंगतात आणि फरशीवर एकाच जागी जातात. त्यांना धरून ठेवायला फेसाळ काहीतरी लागतं, आणि आमच्या पाण्यात ते काम रिठा करतो. खाऱ्या पाण्यातले क्षार साबणाशी जुळून चिकट साका करतात. रिठ्यातलं फेस आणणारं द्रव्य, सॅपोनिन, तसं करत नाही. सोनार चांदी धुवायला रिठा वापरतात तो काही उगाच नाही.

वीस रिठे फोडून बिया काढा, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी मंद आचेवर वीस मिनिटं उकळा, थंड झाल्यावर हातानं कुस्करा आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा. चहाच्या रंगाचं पाणी निघतं. डोळ्यात जाऊ देऊ नका, भयंकर चुरचुरतं. त्यातलं कपभर काढून दहा-बारा थेंब तेल टाका, बाटली हलवा. पाणी दुधाळ झालं म्हणजे तेल मिसळलं. हे बादलीभर पाण्यात ओता. ओटा, कढईचा बाहेरचा चिकटा, शिलाई मशीनचा पाट, सगळ्याला चालतं. पांढऱ्या कपड्यांना नको, पिवळट छटा येते. बाहेर चार दिवसांत आंबतं, म्हणून थोडंच करायचं.

तेल संत्र्याचंच हवं असं नाही. मला तिखाडी नावाच्या सुवासिक गवताचं जास्त आवडतं. मेळघाटात हे गवत उगवतं, फुलोरा आला की भट्टीत तेल काढतात. त्याला गुलाबासारखा वास येतो, कारण जिरॅनिऑल हे वासाचं द्रव्य दोघांतही आहे. एकेकाळी हे तेल मुंबईहून तुर्कस्तानात जाऊन गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं.

व्हिनेगरबद्दल मात्र माझं ऐका. साली व्हिनेगरमध्ये दोन आठवडे भिजवल्या की बादलीचा, नळाचा पांढरा थर सुटतो, कारण आम्ल चुन्याला खातं. एवढं यश आल्यावर मी त्याच पाण्यानं बैठकीतली शहाबादी फरशी पुसली. शहाबादी म्हणजे चुनखडीच! वाळल्यावर जागोजागी निस्तेज चट्टे, गणपतीला आलेल्या प्रत्येकानं विचारलं. व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा घालून फसफस बघायची हौस असेल तर बघा, पण दोघं एकमेकांना संपवतात, बाटलीत काही उरत नाही. आणि ब्लीचिंग पावडरमध्ये व्हिनेगर कधीही नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

निलगिरीचं तेल पोरांच्या हाती लागणार नाही अशा फळीवर ठेवा, चमचाभर पोटात गेलं तरी दवाखाना गाठावा लागतो. घरात मांजर असेल तर टी ट्री तेल आणूच नका.

बाटलीवर तारीख लिहा. हवा लागून जुनं झालेलं संत्र्याचं तेल टर्पेंटाइनसारखं वासतं आणि अंगाला खाज आणतं. मागच्या वर्षीच्या अर्ध्या बाटलीनं माझे हात दोन दिवस लाल होते. ती आता गोठ्यात आहे, विळ्यावरचा चीक काढायला, तोही काडीला चिंधी बांधून.