बाथरूमसाठी रंग निवडताना : आधी ओल, मग टाइल, मग दिवा

ठाण्यातील आणि नवी मुंबईतील बहुतेक फ्लॅटमध्ये बाथरूमच्या भिंतींना दरवाजाच्या उंचीपर्यंत, म्हणजे साधारण सात फुटांपर्यंत, टाइल्स बसवलेल्या असतात आणि रंगासाठी उरतो तो त्यावरचा दोन-अडीच फुटांचा पट्टा आणि छत. एवढ्याशा जागेसाठी वेगळा विचार तो काय करायचा, असे समजून घराला रंग काढताना उरलेला डबा तिथे संपवला जातो. हे चुकीचे आहे. गिझरची वाफ वर चढून ज्या ठिकाणी साचते ते ठिकाण हेच, दिव्याचा उजेड ज्यावरून खाली परततो ते छतही हेच, आणि वरच्या मजल्यावरील बाथरूममधून पाणी झिरपू लागले तर त्याचा पहिला डाग उमटतो तोही इथेच. त्यामुळे शेडकार्ड हाती घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात.

पहिली गोष्ट ओल. छताचे पोपडे निघत असतील किंवा कोपऱ्यांत काळे ठिपके दिसत असतील, तर ती ओल वाफेची आहे की स्लॅबमधून उतरणारी आहे, हे आधी ठरवावे. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. दुधाची मोठी पिशवी कापून, धुऊन, पूर्ण कोरडी करून तिचा सपाट तुकडा संशयास्पद जागेवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बंद करून लावावा आणि एक दिवस-रात्र तसाच राहू द्यावा. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे छताकडच्या बाजूला जमले तर पाणी वरून येत आहे. थेंब फक्त बाहेरच्या बाजूला असतील तर ती वाफ आहे आणि चांगला एक्झॉस्ट फॅन बसवल्याने ती बरीच आटोक्यात येते. पाणी वरून येत असेल, तर वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांशी बोलून आणि सोसायटीला पत्र देऊन वॉटरप्रूफिंग होईपर्यंत रंगाचा विषय बाजूला ठेवावा, कारण ओल्या स्लॅबवर कोणताही महागडा रंग टिकत नाही. आपल्याकडे गणपतीपूर्वी रंग काढून घेण्याची घाई असते. परंतु त्या दिवसांत भिंती पावसाने भरलेल्या असतात. बाथरूमपुरते तरी हे काम दिवाळीनंतर, शक्यतो जानेवारी ते मे या काळात घ्यावे.

काळ्या ठिपक्यांवर, म्हणजे बुरशीवर, थेट रंग मारू नये. ती रंगाखालून पुन्हा वर येते. एक भाग ब्लीचमध्ये तीन-चार भाग पाणी मिसळून ती जागा पुसावी, थोड्या वेळाने स्वच्छ पाण्याने धुवावी आणि पूर्ण वाळू द्यावी. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी, आणि ब्लीच संडास साफ करण्याच्या आम्लाबरोबर कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी क्लोरिन वायू तयार होतो.

दुसरी गोष्ट टाइल. टाइल बदलणे म्हणजे तोडफोड आली, रंग बदलणे मात्र दोन-तीन दिवसांचे काम आहे. म्हणून रंगाने टाइलशी जुळवून घ्यावे. टाइल पांढरी दिसत असली तरी ती क्वचितच शुद्ध पांढरी असते. एक कोरा पांढरा कागद टाइलवर टेकवून पाहिले की ती पिवळसर आहे, करडी आहे की किंचित गुलाबी, हे लगेच लक्षात येते. वाशी-नेरुळच्या जुन्या इमारतींत आयव्हरी रंगाच्या टाइल्स पुष्कळ आढळतात. त्यांच्यावर झगझगीत पांढरा रंग काढला की टाइल मळकट, जुनाट दिसू लागते. अशा ठिकाणी टाइलच्याच छटेचा, परंतु तिच्याहून थोडा फिकट रंग घ्यावा. टाइलवर संगमरवरासारख्या रेषा किंवा फुलांची नक्षी असेल, तर त्यातील सर्वांत फिकट रंग उचलावा. गडद रंग उचलण्याचा मोह होतो, पण चार बाय सात फुटांच्या जागेत डोक्यावरचा गडद पट्टा दाबून टाकल्यासारखा वाटतो. नक्षी मुळातच खूप असेल, तर वर साधा मोतिया रंग पुरतो.

तिसरी गोष्ट उजेड, आणि निवड बहुतेक वेळा इथेच फसते. आपल्या बाथरूमच्या खिडक्या डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतील पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद मोकळ्या जागेत, उघडतात. दुपारी बाराला सुद्धा तिथे येणारा उजेड समोरच्या भिंतीवरून आलेला, मंद आणि काहीसा निळसर असतो, त्यामुळे रंग प्रत्यक्षात पाहिला जातो तो दिव्याखालीच. एलईडी बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर, 4000 म्हणजे मधला आणि 6500 म्हणजे निळसर पांढरा प्रकाश. 6500 केल्विनच्या दिव्याखाली फिकट राखाडी रंग थंड आणि उदास दिसतो, तर पिवळसर दिव्याखाली फिकट निळा रंग हिरवट वाटू लागतो. दुकानातील उजेडात अचूक जुळलेले दोन रंग घरच्या दिव्याखाली वेगळे दिसू शकतात, म्हणून नौपाड्यातील दुकानात उभे राहून रंग नक्की करू नये. माझ्या मते बाथरूमसाठी 4000 केल्विनचा दिवा सर्वांत चांगला. रंग ठरवण्याआधी दिवा ठरवावा, नंतर नव्हे.

हे तीनही पाहून झाले की शेडकार्ड उघडावे. काही कंपन्या प्रत्येक रंगाचा प्रकाश परावर्तनाचा आकडा देतात. तो शून्य म्हणजे पूर्ण काळ्यापासून 100 म्हणजे पूर्ण पांढऱ्यापर्यंत मोजला जातो. डक्टकडे खिडकी असलेल्या बाथरूममध्ये 70 च्या वरचा रंग घ्यावा. फिकट पिस्ता, फिकट आकाशी, मोतिया, वाळूचा रंग आणि अगदी हलका पीच हे रंग अशा जागी शोभतात. मात्र आरसा कुठे आहे तेही पाहावे. हिरव्या-निळ्या भिंतीवरून परतणाऱ्या उजेडात चेहरा निस्तेज दिसतो, म्हणून आरशासमोरची भिंत टाइलविना असेल तर तिथे पीच किंवा मोतिया बरा. लहान खोलीत भिंतींचा उजेड एकमेकींवर पडून रंग अधिक गडद भासतो. म्हणून कार्डावर आवडलेल्या रंगाच्या एक पायरी फिकट रंग निवडावा. गडद रंगात बुरशी झाकली जाते, असे रंगारी सांगतात आणि ते खरेही आहे, पण मला तोच त्याचा दोष वाटतो. फिकट छतावर पहिला ठिपका दिसताच तो पुसता येतो. शिवाय गडद रंगावर ओलीबरोबर येणारे पांढरे क्षार अधिकच उठून दिसतात.

दोन-तीन रंग मनात आले की त्यांचे लहान नमुना डबे आणून प्रत्येक रंग जाड पांढऱ्या कार्डावर दोन हात मारून वाळवावा. थेट भिंतीवर नमुना मारला तर जुना रंग शेजारी राहून डोळ्यांची दिशाभूल करतो. वाळल्यावर इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा रंग, किंचित गडद होते, त्यामुळे ओल्या रंगावरून मत बनवू नये. कार्ड टाइलच्या वरच्या कडेला लावून सकाळी, भर दुपारी दिवा बंद करून आणि रात्री दिवा लावून पाहावे.

पट्टा आणि छत एकाच रंगात घ्यावे. दोघांच्या मधली रेघ नाहीशी झाली की उंची वाढल्यासारखी वाटते. रंगाचा प्रकार निवडताना डिस्टेंपर टाळावे, कारण ते वाफेने सुटते. पांढरा ऑइल पेंट धुता येतो, पण सूर्यप्रकाश न पोहोचणाऱ्या जागी तो पिवळा पडतो. बुरशीरोधक, सॅटिन चमकेचे, पाण्यात मिसळणारे इमल्शन हा योग्य पर्याय; जास्त चमक घेतली तर छताचा प्रत्येक उंचसखलपणा दिसतो. खाली पीओपी वापरू देऊ नये, ते ओलीने भुसभुशीत होते. पांढऱ्या सिमेंटची लांबी (पुट्टी) आणि प्राइमर वापरावा. जुन्या इमारतींत टाइल्स कंबरेएवढ्याच असतील, तर भिंतीवर थेट पाणी उडते. अशा वेळी रंगावर पैसे घालण्यापेक्षा टाइल वर नेणे शहाणपणाचे.

चार बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये दोन फुटांचा पट्टा 44 चौरस फूट आणि छत 28 चौरस फूट, म्हणजे एकूण 72 चौरस फूट भरते. दोन हातांसाठी बहुधा एक लिटरचा डबा पुरतो; डब्यावर लिहिलेल्या व्याप्तीशी हिशेब ताडून पाहावा. रंग मशीनवर बनवून घेतला असेल तर त्याचा क्रमांक, कंपनी आणि बेस (ज्या मूळ रंगात छटा मिसळल्या तो) डब्याच्या झाकणावरून वहीत उतरवून ठेवावा, कारण पुढे एखादा डाग दुरुस्त करायचा झाला तर तोच रंग पुन्हा बनवून घेण्यासाठी दुकानदाराला हीच माहिती लागते.