गिटारवादक बँड सोडून गेला, आता ऐकायचे कोणाचे?

३० ऑक्टोबर १९९६ रोजी गन्स एन रोझेस या अमेरिकन रॉक बँडचा गायक ॲक्सल रोझ याने एमटीव्ही या संगीतवाहिनीला एक फॅक्स पाठवला आणि गिटारवादक स्लॅश यापुढे बँडमध्ये नसेल असे जगाला कळवले. ज्यांच्या खोलीच्या भिंतीवर उंच टोपी घातलेल्या, केसांनी चेहरा झाकलेल्या त्या माणसाचे पोस्टर होते, त्यांच्यापुढे त्या दिवशी एक पेच उभा राहिला आणि तो पुढे जवळजवळ वीस वर्षे सुटला नाही. बँडचे नाव ॲक्सलकडे राहिले, गाणी सगळ्यांची मिळून झालेली होती, आणि ज्या बोटांवर जीव जडला होता ती बोटे आता दुसरीकडेच वाजवणार होती. नाटकांच्या जाहिरातीत ‘मूळ संचात’ हे दोन शब्द का छापतात हे मराठी प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. मूळ संच मोडल्यावर प्रेक्षकाने कोणत्या नाट्यगृहाकडे वळावे, हे मात्र कोणतीही जाहिरात सांगत नाही. त्यासाठी हे मार्गदर्शन आहे, आणि उदाहरण म्हणून स्लॅशच घेतला आहे, कारण त्याच्या बाबतीत दुरावा, पर्यायी संसार आणि पुनर्मीलन हे तिन्ही अंक पुरते घडून गेले आहेत.

सर्वांत आधी आपले प्रेम नेमके कशावर होते ते शोधून काढावे. हे वाटते तितके सोपे नाही, कारण आवडत्या बँडचे गाणे आपण एकसंध ऐकतो आणि त्यातले कोणाचे काय हे वेगळे करण्याची सवय आपल्याला नसते. एका संध्याकाळी हेडफोन लावून १९८७ चा ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ हा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावा आणि गायकाच्या आवाजाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करून केवळ गिटारींचा माग काढावा. तेथे एक गिटार नसून दोन आहेत हे लवकरच कानी येईल. एक स्लॅशची, जी गाते, वाक्ये रचते आणि सोलोमध्ये, म्हणजे एकट्या गिटारच्या तुकड्यात, पुढे येते. दुसरी इझी स्ट्रॅडलिनची, जी तुटक, कोरडी, थोडी तालाच्या मागेपुढे रेंगाळणारी आहे आणि जिच्यामुळे पहिलीला झोके घेता येतात. ‘स्वीट चाइल्ड ओ माइन’च्या आरंभीची सुप्रसिद्ध सुरावट स्लॅशने बोटे मोकळी करण्यासाठी वाजवलेल्या एका तुकड्यातून निघाली, त्याच गाण्यातील दीर्घ सोलो पुढे गेल्यावर तो वाह पेडल, म्हणजे गिटारचा नाद बदलणारे पायाचे उपकरण, दाबतो आणि गिटार अक्षरशः बोलू लागते. याच गाण्याच्या आधारे पुढची ओळखपरीक्षा करता येते. सर्व तारा अर्धा स्वर उतरवलेल्या, लेस पॉल गिटारचा जाड, गोल नाद आणि सोलोतही गुणगुणता येईल अशी चाल, ही तीन लक्षणे ज्या रेकॉर्डवर एकत्र सापडतील तेथे आपला माणूस आहे असे समजावे. चाहता म्हणवणाऱ्या अनेकांना टोपी लगेच ओळखता येते, नाद ओळखता येत नाही; त्यांच्या निष्ठेची अडचण येथेच सुरू होते.

दुसरे काम म्हणजे भांडणाचा न्यायनिवाडा करण्याचा मोह टाळणे. स्लॅशने आपली बाजू २००७ साली आत्मचरित्रात मांडली, ॲक्सलने आपली बाजू वेळोवेळी मुलाखतींतून मांडली, आणि २००९ साली तर त्याने आपल्या जुन्या सहकाऱ्याला कर्करोगाची उपमा दिली. दोन्ही बाजू वाचाव्यात, परंतु त्या कौटुंबिक वादातील दोन जबान्यांप्रमाणे वाचाव्यात. कोणतीही एक बाजू तोंडपाठ करून दुसऱ्याच्या चाहत्यांवर धावून जाण्यात काही अर्थ नाही. त्याऐवजी अल्बमच्या आतील पत्रिका वाचणे अधिक उपयोगाचे असते. १९९१ च्या ‘यूज युअर इल्यूजन’च्या दुसऱ्या भागात ‘एस्ट्रेंज्ड’ या गाण्यातील गिटारच्या सुरावटींबद्दल ॲक्सलने स्लॅशचे खास आभार छापले आहेत. पाच वर्षांनी फॅक्स पाठवणारा आणि हे आभार मानणारा माणूस एकच आहे, हे ध्यानात ठेवले की पक्ष घेण्याची घाई आपोआप ओसरते.

आता मुख्य भाग, म्हणजे बँडबाहेरचा स्लॅश कोणत्या क्रमाने ऐकावा. सालवार क्रम लावणे हा सर्वांत प्रामाणिक मार्ग वाटतो, पण नव्या श्रोत्याला मी तो सुचवणार नाही. सुरुवात २००४ च्या ‘कॉन्ट्राबँड’पासून करावी. व्हेल्व्हेट रिव्हॉल्व्हर या नव्या बँडचा हा पहिला अल्बम. त्यात स्लॅशबरोबर बास गिटारवर डफ मॅकेगन आणि ड्रमवर मॅट सोरम हे जुने सोबती होते, आणि गायक होता स्टोन टेम्पल पायलट्स या बँडचा स्कॉट वायलंड. हा अल्बम अमेरिकेतील बिलबोर्ड यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला आणि त्यातील ‘स्लिदर’ या गाण्याला २००५ साली ग्रॅमी मिळाले, परंतु चाहत्याच्या दृष्टीने महत्त्वाचे गाणे ‘फॉल टू पीसेस’ हे आहे. तेथे गिटार ओळखीची आणि गळा परका आहे. पहिल्या दोन-तीन वेळा कान ॲक्सलचा तार सप्तकातला आवाज शोधत राहील. तो शोधू द्यावा, आणि तो थांबेपर्यंत गाणे पुन्हा ऐकावे. मुख्य गायक बदलल्यावरही सुरावट मनाला भिडते की नाही, ही निष्ठेची खरी कसोटी आहे, आणि ती येथे सर्वांत कमी त्रासात पार पडते.

त्यानंतर मागे जाऊन स्लॅशेस स्नेकपिट या स्लॅशच्या स्वतःच्या बँडचा १९९५ चा पहिला अल्बम घ्यावा. हा गन्स एन रोझेसमध्ये असतानाच काढलेला अल्बम आहे, त्यात मॅट सोरम आणि गिल्बी क्लार्क हे तिथलेच सहकारी वाजवतात, आणि तरीही तो गन्स एन रोझेसचा अल्बम नाही. वेगळे होण्याआधीच्या घरात वेगळी चूल कशी मांडली जाते ते त्यात ऐकू येते. अल्बम सलग चांगला आहे असे मी म्हणणार नाही. गाणी लांबतात, आणि वादकाला थांबवणारे कोणी नव्हते हे जाणवते. नेमके म्हणूनच तो ऐकावा, कारण आपल्या लाडक्या वादकाला एखाद्या आडमुठ्या गायकाची गरजही होती, हे निष्ठावंत चाहत्याने एकदा तरी कबूल केले पाहिजे.

तिसऱ्या टप्प्यावर २०१० चा ‘स्लॅश’ हा अल्बम येतो. यात जवळपास प्रत्येक गाण्याला वेगळा गायक आहे. ऑझी ऑस्बोर्न, लेमी, इगी पॉप, क्रिस कॉर्नेल, फर्गी अशी नावे एकाच रेकॉर्डवर आहेत, आणि त्यामुळे तो एखाद्या मैफलीसारखा ऐकता येतो, जिच्यात साथीदार एकच आणि गाणारे बदलत जातात. साथीला बसलेल्याचे कसब खऱ्या अर्थाने अशाच मैफलीत पारखता येते. याच अल्बमवर माइल्स केनेडी दोन गाणी गातो, आणि पुढे त्याच्या सोबतीने ‘ॲपोकॅलिप्टिक लव्ह’ (२०१२), ‘वर्ल्ड ऑन फायर’ (२०१४), ‘लिव्हिंग द ड्रीम’ (२०१८) आणि ‘४’ (२०२२) असे अल्बम निघाले. सगळे घेण्याची आवश्यकता नाही; २०१२ मधील ‘ॲनास्टेशिया’ हे गाणे मात्र चुकवू नये.

निष्ठेचा सर्वांत अवघड धडा उलट दिशेचा आहे: जो बँड मागे राहिला त्याचेही ऐकावे. ‘चायनीज डेमोक्रसी’ हा अल्बम नोव्हेंबर २००८ मध्ये आला तेव्हा स्लॅशच्या कित्येक चाहत्यांनी तो न ऐकताच निकालात काढला. त्या अल्बमवर रॉबिन फिंक, बकेटहेड, बंबलफूट, रिचर्ड फोर्टस आणि पॉल टोबायस असे पाच गिटारवादक आहेत, आणि एकाच्या जागी पाच लागले या विनोदावर बरीच वर्षे लोक हसले. विनोद चांगला आहे, पण ‘देअर वॉज अ टाइम’च्या अखेरीस बकेटहेडचा सोलो ऐकल्यावर तो पुन्हा सांगावासा वाटत नाही. जो वादक जागा भरायला येतो त्याने ती जागा रिकामी केलेली नसते. त्याच्यावर राग काढणे म्हणजे बदली शिक्षकाला वर्गाने छळण्यासारखे आहे.

प्रत्यक्ष कार्यक्रमात कसे वागावे, याचा विचार मुंबईच्या रसिकांना तीनदा करावा लागला. डिसेंबर २०१२ मध्ये गन्स एन रोझेस मुंबईत आले ते स्लॅशविना. नोव्हेंबर २०१५ मध्ये स्लॅश माइल्स केनेडीसह आला तो बँडविना. आणि १७ मे २०२५ रोजी महालक्ष्मी रेसकोर्सवर ॲक्सल, स्लॅश आणि डफ एकाच मंचावर उभे राहिले. पहिल्या प्रकारच्या कार्यक्रमाला जायचे असेल तर गेलेल्या वादकाच्या नावाने आरोळ्या ठोकू नयेत. तसे करायचे असल्यास तिकीटच काढू नये, हे अधिक सरळ. दुसऱ्या प्रकारात जुन्या बँडच्या गाण्यांची फर्माईश प्रत्येक दोन गाण्यांमध्ये करू नये. वादक ती थोडीफार वाजवतोच, परंतु नवे गाणे सुरू झाल्यावर पाणी प्यायला निघून जाणे हा त्याच्या कामाचा अपमान आहे. तिसऱ्या प्रकाराबद्दल सूचना देण्याची आवश्यकता नाही, तेथे सगळे आपोआप सुचते.

एक गोष्ट येथे थोडी आडवळणाने सांगतो. इझी स्ट्रॅडलिनने बँड १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये, स्लॅशच्या पाच वर्षे आधी सोडला. ‘पेशन्स’ आणि ‘यू कुड बी माइन’ यांसारख्या गाण्यांच्या रचनेत त्याचा हात होता, आणि १९९२ मध्ये त्याने जू जू हाउंड्ससह काढलेला अल्बम मला वैयक्तिकरीत्या स्नेकपिटहून अधिक आवडतो. त्याच्यामागे मात्र असा निष्ठावंतांचा लोंढा कधीच गेला नाही, कारण तो तशी उंच टोपी घालत नव्हता आणि सोलोसाठी पुढे येत नव्हता. म्हणून स्लॅशच्या चाहत्याने स्वतःला अधूनमधून विचारावे की आपण वादनाच्या मागे आहोत की पोस्टरच्या. उत्तर अवघड वाटल्यास स्लॅशच्या २०१० च्या अल्बममधील ‘घोस्ट’ लावावे. त्यात दुसरी गिटार इझीची आहे.

पुनर्मीलनाची वाट पाहावी का? पाहावी, पण तीवर आयुष्य टांगू नये. २०१२ साली ॲक्सलला पुन्हा एकत्र येण्याबद्दल विचारले असता त्याचे उत्तर ‘या जन्मी नाही’ अशा अर्थाचे होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या सन्मानयादीत बँडचा समावेश झाला, पण त्या समारंभाला तो गेला नाही, आणि त्याची गाणी तेथे माइल्स केनेडीला गावी लागली. पुढे १ एप्रिल २०१६ रोजी लॉस एंजेलिसच्या ट्रूबॅडूर क्लबमध्ये दोघे एकत्र दिसले, तारीख पाहून अनेकांना ती थट्टा वाटली, आणि मग निघालेल्या दौऱ्याला तेच ‘या जन्मी नाही’ हे नाव देण्यात आले. त्या दौऱ्याने ५८ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. मधली वीस वर्षे ज्यांनी नुसती वाट पाहण्यात घालवली त्यांच्या हाती या दौऱ्याचे तिकीट लागले. ज्यांनी ती ऐकण्यात घालवली त्यांच्याकडे आधीच एक भरलेले कपाट होते.

वादक परतल्यावर ते कपाट रिकामे करू नये, आणि मधल्या काळातील वादकांना विसरूही नये. परतलेला स्लॅश ‘चायनीज डेमोक्रसी’मधली गाणीही मंचावर वाजवतो, आणि त्यांपैकी ‘धिस आय लव्ह’चा मूळ सोलो रॉबिन फिंकचा आहे. हा सोलो दोघांच्या हातून लागोपाठ ऐकावा, आधी रेकॉर्डवरचा फिंकचा आणि मग दौऱ्यातील चित्रफितीवरचा स्लॅशचा. कोणत्या स्वरावर स्लॅश किंचित अधिक रेंगाळतो ते लक्षात आले, तर हेडफोन लावून घालवलेली ती पहिली संध्याकाळ कामी आली असे समजावे.