नाचणी-कुळथाने रक्तातली साखर उतरत नाही? या चुका टाळा

"रोज नाचणीचं तिझान पिते, तरी साखर हलत नाही," असं म्हापशाची मावशी कळवळून म्हणाली, तेव्हा मी तिला कृती विचारली. नाचणी भिजवायची, वाटायची, फडक्यातून गाळायची, गूळ घालून शिजवायची. घोळ इथेच होता.

नाचणीतली पॉलिफेनॉल, म्हणजे ज्यांना आपण अँटिऑक्सिडंट म्हणतो ती, मुख्यतः तिच्या तांबड्या सालीत असतात. फडक्यात उरलेला चोथा म्हणजे तीच साल आणि तंतू. पेल्यात येतं ते बहुतेक स्टार्च, तेही शिजून मऊ झालेलं, झटकन पचणारं. वर गूळ, म्हणजे साखरच. त्यापेक्षा न चाळलेल्या पिठाची भाकरी बरी, तीही मोजून. तिझान हवंच असेल तर न गाळता करावं आणि गुळाऐवजी मीठ-ताक घालावं.

कुळथाचंही तसंच. नुसतं कढण पिऊन दाणे बाजूला सारले, तर तंतू आणि प्रथिनं दाण्यांतच राहतात. भिजवणीच्या पाण्यात थोडी पॉलिफेनॉल जातात हे खरं, पण पोटात वायू करणारी द्रव्यंही जातात. ते पाणी ओतून द्यायला कचरू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नाचणी-कुळथाच्या अर्कावरच्या बातम्या वाचून मधुमेहाची गोळी बंद करणं. प्रयोगशाळेत दाण्यांची पूड बहुधा मिथेनॉल किंवा इथेनॉलमध्ये भिजवून अर्क काढतात. तो स्टार्च तोडणाऱ्या अल्फा-अमायलेज आणि अल्फा-ग्लुकोसिडेज या विकरांना (एन्झाइमना) किती अडवतो, ते परीक्षानळीत पाहतात. अकार्बोज हे औषध याच वाटेने काम करतं, म्हणून तुलनाही बहुधा त्याच्याशीच होते. पण वाटीभर उसळ म्हणजे दाट अर्क नव्हे, आणि पॉलिफेनॉल आतड्यातून रक्तात फार थोडी उतरतात. नळीतला आकडा माणसाला लागू होत नाही.

आळसांद्याचं तोणाक, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची गोव्याकडची वाटणाची उसळ, भाताच्या ढिगाशेजारी वाढून उपयोग नाही. भात तेवढा कमी करा. मात्र इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर भात एकदम तोडू नका. साखर 70 mg/dL च्या खाली जाऊ शकते, म्हणून आधी डॉक्टरांशी बोला. मूत्रपिंडाचा आजार असेल तर कडधान्य किती खावं तेही त्यांनाच विचारा.

फरक पडतो का, हे ग्लुकोमीटर सांगेल. पहिल्या घासापासून 2 तासांनी मोजा: एक दिवस नेहमीचं जेवण, दुसऱ्या दिवशी भात कमी आणि तोणाक जास्त. मावशीच्या वहीत आता असे दोन रकाने आहेत.